संगणकाला पत्ता मागू द्या

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत दुखणं एकच आहे: मोबाइलवर नेट चालतं, संगणकावर चालत नाही. म्हणून हे पान सगळं त्यालाच दिलं. पत्रं लांब होती, ती थोडी आवरली आहेत. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

ताई, मी दारव्हा तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. मागच्या महिन्यात वीज कडाडली आणि राऊटर उडाला. लाईनवाल्या पोराने नवा डबा बसवून दिला. त्याच्या वायफायवर घरचे सगळे मोबाइल चालतात. पण कामाच्या संगणकाला वायर लावली तर दिवा लागतो, नेट येत नाही. विंडोज १० आहे. सातबारा, पीक विमा, सगळी गर्दी दारात उभी आहे. दोघांनी फॉरमॅट मारायला सांगितलं. सेटिंगचा आणि मोबाइलच्या वायफायचा, असे दोन फोटो पाठवतो.

भाऊ, फॉरमॅट मारू नका. तुमच्या संगणकात काहीच बिघडलेलं नाही. फोटो पाठवले हे फार बरं केलं, उत्तर त्या दोन फोटोंतच आहे.

संगणकाच्या फोटोत पत्ता (आयपी अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमध्ये यंत्राला ओळखायचा नंबर) दिसतो १९२.१६८.१.२५ आणि त्याखाली गेटवे १९२.१६८.१.१. मोबाइलच्या फोटोत पत्ता आहे १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१. तिसरा आकडा बघा. एकीकडे १, दुसरीकडे ०. गेटवे म्हणजे बाहेर पडायचं दार, म्हणजेच तुमचा राऊटर. जुन्या डब्याचा पत्ता १ वाला होता, नव्याचा ० वाला आहे. खाली सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० लिहिलंय, त्याचा अर्थ इतकाच की पहिले तीन आकडे मोहल्ल्याचे आणि शेवटचा घराचा. तुमचा संगणक अजून जुन्याच मोहल्ल्यात बसून, विजेने जळून गेलेल्या राऊटरला हाका मारतोय. नवा डबा शेजारीच आहे, पण त्याला तो ओळखतच नाही. वायरचा दिवा लागतो तो फक्त वायर जोडलेली आहे म्हणून. पत्ता बरोबर आहे की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

हे आकडे कोणीतरी कधी काळी हाताने भरून ठेवलेत. मोबाइलमध्ये ते कोणी भरले नव्हते, म्हणून मोबाइल चालला. तो नव्या राऊटरकडे गेला, पत्ता मागितला, मिळाला, कामाला लागला. मागणाऱ्या यंत्राला क्लायंट म्हणतात, देणाऱ्याला सर्व्हर, आणि या देण्याघेण्याच्या रीतीला डीएचसीपी. पूर्ण नाव डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल. १९९३ साली ही रीत पहिल्यांदा लिहिली गेली. आज जी चालते तिचा मसुदा १९९७ चा आहे. तुमच्या घरच्या राऊटरमध्ये हा सर्व्हर आधीपासून बसवलेला असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही.

शेगावला भक्तनिवासात आपण काय करतो? आधी खिडकीवर जातो, खोली मागतो, ते नंबर देतात, किती दिवस राहायचं ते ठरतं, आणि निघताना खोली सोडतो. मागच्या वर्षी जी खोली होती तिच्यापुढे जाऊन कोणी थेट कुलूप उघडत नाही. हाताने पत्ता भरलेला संगणक नेमकं तेच करतो.

आता करायचं काय ते सांगते. सगळ्यात आधी सध्याचे चारही आकडे (पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा) वहीत उतरवून घ्या, कारण पुढच्या पायरीवर ते पुसले जातात. तुमच्याकडे फोटो आहे, तो डिलीट करू नका. मग कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजी लहान अक्षरांत एन, सी, पी, ए, मग टिंब, मग सी, पी, एल असं टाइप करून एंटर मारा. नेटवर्कची चित्रं दिसतील. वायरचं नाव इथरनेट असतं, वायफायचं वेगळं. दोघांची सेटिंग वेगवेगळी असते, हे ध्यानात ठेवा. वायफायवर दुरुस्ती करायची आणि वायरने चालत नाही म्हणून डोकं धरून बसायचं, असं पुष्कळांचं होतं.

इथरनेटवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ शोधा. इथे हात जपून: त्याच्यापुढच्या चौकोनातली खूण काढायची नाही, फक्त नावावर क्लिक करून तो निळा करायचा आणि खालचं प्रॉपर्टीज दाबायचं. खूण काढली की संगणक पत्ताच विसरतो आणि मग मला नवीन पत्र येतं. जी खिडकी उघडेल तिच्यात वरच्या भागात ‘ऑब्टेन अॅन आयपी अॅड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा. खालच्या भागात ‘ऑब्टेन डीएनएस सर्व्हर अॅड्रेस ऑटोमॅटिकली’ निवडा. दोन्ही निवडायचे. लोक वरचं करतात आणि खालचं तसंच सोडतात. वरचं बदललं म्हणून खालचं आपोआप बदलत नाही, तिथे जुने आकडे बसून राहतात. तुमच्याकडे तिथे ८.८.८.८ आहे. तो गूगलचा डीएनएस, बहुतेक ठिकाणी चालतो, पण काही सरकारी लाईनवर बाहेरचा डीएनएस बंद केलेला असतो, आणि मग पत्ता मिळूनही एकही साइट उघडत नाही. ओके, परत ओके.

झालं की नाही ते डोळ्यांनी बघा. विंडोज आणि आर दाबून सी, एम, डी टाइप करा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात सलग आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी लिहून एंटर. आता इथरनेटखाली १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता आणि गेटवे १९२.१६८.०.१ दिसला की तुमचं काम झालं. जुनाच दिसत असेल तर त्याच शब्दापुढे एक जागा सोडून तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि रिलीज, एंटर. मग तसंच तिरकी रेघ आणि रिन्यू, एंटर. पहिल्याने खोली सोडली जाते, दुसऱ्याने नवी मागितली जाते.

हा पत्ता मुदतीवर मिळतो. कुठे दोन तास, कुठे चोवीस तास, राऊटरमध्ये जे ठरवलं असेल तसं. अर्धी मुदत सरली की संगणक आपणच जाऊन वाढवून घेतो. तुम्हाला काही करावं लागत नाही. उद्या पुन्हा वीज पडून डबा बदलावा लागला, तर संगणक नव्या डब्याकडून पत्ता मागून घेईल आणि तुमची खिडकी सुरू राहील.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगते, तेही ऐका. आर्वीत दुकान टाकायच्या आधी मी एका महाविद्यालयाच्या लॅबचं काम बघायची. वीस संगणक. प्रत्येकात पत्ता मीच हाताने भरला होता, १०१ ते १२०, आणि प्रत्येक संगणकावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी डकवली होती. मला ते फार शिस्तीचं काम वाटायचं. दिवाळीच्या सुट्टीत पुरवठादाराने राऊटर बदलला. सुट्टी संपली त्या दिवशी पोरं प्रॅक्टिकलला येऊन बसली आणि वीसच्या वीस संगणकांवर नेट नाही. मी खुर्ची सरकवत एकेका मशीनपुढे बसत गेले, प्रत्येकी चार आकडे. दुपारचे दोन वाजले. त्यातल्या एका मुलीला स्कॉलरशिपचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा होता, ती सकाळी नऊपासून दारात उभी होती. तिचा फॉर्म भरला गेला, पण तिचा तो चेहरा मी विसरलेली नाही. त्याच संध्याकाळी वीसही संगणक ऑटोमॅटिकवर टाकले आणि चिठ्ठ्या खरवडून काढल्या. तेव्हापासून, जिथे रोज जाऊन बघणारं माणूस नाही, तिथे मी हाताने पत्ता भरत नाही.

आणखी एक. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमच्या हातातून गावाचं आधार आणि बँकेचे कागद जातात. गर्दी ओसरली की त्याचाही विचार करा.

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे. आमच्या लॅबमध्ये सात संगणक आहेत. सगळे ऑटोमॅटिकवरच आहेत, तरी तीन संगणकांवर १६९.२५४ ने सुरू होणारा विचित्र पत्ता येतो आणि नेट चालत नाही. कधी कधी सातही बंद असतात. हा व्हायरस आहे का?

नाही सर, व्हायरस नाही. संगणक तुम्हाला जे सांगतोय ते अगदी खरं आहे.

सुरू होताना संगणकाकडे पत्ता नसतो. सर्व्हर कुठे आहे हेही त्याला माहीत नसतं. म्हणून तो दवंडी दिल्यासारखं सगळ्यांना मिळून विचारतो, ‘कोणी पत्ता देतं का?’ राऊटर म्हणतो, ‘हा घे.’ संगणक म्हणतो, ‘बरं, हाच घेतो.’ राऊटर म्हणतो, ‘दिला.’ चार निरोप, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण दवंडीला कोणी ओच दिली नाही, तर विंडोज थोडा वेळ वाट बघतो आणि १६९.२५४ च्या ओळीतला एक पत्ता स्वतःच घेऊन बसतो. हे आकडे याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यावर शेजारच्या संगणकाशी बोलता येतं, बाहेर जाता येत नाही. म्हणजे १६९.२५४ दिसलं की अर्थ एकच: मी मागितलं, मला कोणी उत्तर दिलं नाही. सेटिंग उकरायचं कारण नाही. संगणकापासून राऊटरपर्यंतची वाट तपासा.

तीन बंद आणि चार चालू असतील, तर त्या तीन वायरी बघा. चालणाऱ्या संगणकाची वायर काढून बंद असलेल्याला लावा. लगेच चालला, तर दोष वायरचा. शाळांमध्ये मी जे सगळ्यात जास्त पाहिलंय ते म्हणजे वायरच्या टोकाच्या पारदर्शक पिनेचं लॉक तुटलेलं. पिन आत बसल्यासारखी दिसते, पण टेबल हललं की अर्धा मिलिमीटर बाहेर येते. बोटाने आत दाबून धरा, दिवा लागला तर समजा. नवी पिन थोड्या पैशांत बसते, पूर्ण वायर बदलायची गरज नाही. दुसरं कारण उंदीर. भिंतीकडेने गेलेली वायर हाताने चाचपत जा, डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना लागतं. बाहेरचं कव्हर कुरतडलेलं आणि आतल्या आठ तारांपैकी एखादीच तुटलेली, असं मी स्वतः काढलंय.

सातही एकदम बंद होत असतील, तर ते लाईट जाण्याशी जुळतं का बघा. धारणीकडे पावसाळ्यात लाईन किती वेळा जाते, ते तुम्हाला मी काय सांगणार. लाईन आली की संगणक आणि राऊटर एकदम सुरू होतात. राऊटरला तयार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात संगणकाची दवंडी देऊन झालेली असते. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतो, म्हणून कधी कधी ‘आपोआप सुरू झालं’ असं वाटतं. तुम्ही आधी राऊटर आणि स्विच (सगळ्या संगणकांच्या वायरी राऊटरला जोडणारा डबा) सुरू करा, मुलांची हजेरी घ्या, मग संगणक लावा. तरी अडलाच, तर वायर काढून परत लावा. वायर लागली की तो नव्याने मागतो.

स्विचचं अडॅप्टरही बघून घ्या. आणि स्विचकडून आलेली वायर राऊटरच्या वेगळ्या रंगाच्या, वॅन लिहिलेल्या भोकात तर नाही ना? ते भोक बाहेरच्या लाईनसाठी असतं. तिथे लावली तर पत्ता मिळणार नाही. कोणी झाडपूस करताना वायर काढते आणि मोकळं दिसेल त्या भोकात लावते, यात त्या बाईंचा काही दोष नाही. राऊटरवर खडूने खूण करून ठेवा.

इतकं करूनही एकच संगणक हट्ट धरून बसला, तर विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत ‘डीएचसीपी क्लायंट’ नावाची ओळ शोधा. ती रनिंग असली पाहिजे. संगणक वेगवान करून देतो म्हणणारी काही सॉफ्टवेअरं ती बंद करतात.

वरुडला आमचं संत्र्याचं पॅकिंग आहे. बिलाचा प्रिंटर वायरने राऊटरला जोडलाय आणि तीन संगणकांवरून वापरतो. तुमचं ऐकून सगळं ऑटोमॅटिक केलं. आता दर आठ-दहा दिवसांनी प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. गाडी भरून उभी आणि बिल निघत नाही.

दादा, प्रिंटरच्या बाबतीत मी वेगळं सांगते. संगणक मागणारा आहे, त्याचा पत्ता बदलला तर कोणाचं काही अडत नाही. प्रिंटरकडे मात्र दुसरे येतात. तुमच्या तिन्ही संगणकांनी प्रिंटरचा जुना पत्ता लिहून ठेवलाय. प्रिंटर रात्री बंद राहिला, मुदत संपली, तो पत्ता दुसऱ्या कोणाच्या मोबाइलला गेला, आणि सकाळी प्रिंटरला नवा मिळाला. संगणक जुन्याच पत्त्यावर बिल पाठवत बसले.

म्हणून प्रिंटरचा पत्ता पक्का हवा, पण तो प्रिंटरमध्ये भरू नका, राऊटरमध्ये राखून ठेवा. प्रिंटरच्या मेनूतून त्याच्या सेटिंगचं पान छापा. त्यावर मॅक अॅड्रेस म्हणून बारा अक्षर-अंकांचा नंबर असतो, दोन-दोनच्या सहा जोड्या. तो त्या यंत्राचा जन्मखुणेसारखा नंबर. मोबाइलवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडा, गेटवेचा पत्ता टाका, राऊटरच्या आत जा आणि डीएचसीपीच्या पानावर ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. तिथे तो मॅक नंबर आणि समजा १९२.१६८.०.५० असा पत्ता लिहून सेव्ह करा. प्रिंटर बंद करून सुरू करा. आता तो दर वेळी मागेल आणि दर वेळी त्याला तोच मिळेल. मग तिन्ही संगणकांत प्रिंटरचा पोर्ट (बिल कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ती नोंद) एकदा त्या पत्त्यावर बदलून घ्या.

तुमच्या पत्रात शेवटी ‘भावाने प्रिंटरमध्ये हाताने १०५ भरलाय’ असं आहे, त्याची मला काळजी वाटली. राऊटर १०० पासून १९९ पर्यंत वाटत असेल, तर १०५ तो दुसऱ्यालाही देऊ शकतो. एकाच नंबरची दोन घरं झाली की कधी बिल निघेल, कधी नाही, आणि एखाद्या संगणकावर ‘आयपी अॅड्रेस कॉन्फ्लिक्ट’ झळकेल. आजच काढून टाका.

चिमूर तालुक्यात आमच्या गावात स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. सकाळ-संध्याकाळ मिळून शंभरावर मुलं येतात. संध्याकाळच्या मुलांना वायफाय जोडलं जातं, पण ‘आयपी अॅड्रेस मिळवत आहे’ असंच फिरत राहतं. राऊटर बदलावा का?

आधी वाटपाचा हिशेब बघा, मग खर्च करा. राऊटरमध्ये किती पत्ते वाटायचे याची सीमा असते. समजा ती १०० ते १४९ आहे, म्हणजे पन्नास पत्ते. मुदत चोवीस तास. सकाळची पन्नास पोरं पत्ते घेऊन घरी गेली, तरी ते पत्ते उद्यापर्यंत त्यांच्याच नावावर. मोबाइल घेऊन माणूस दाराबाहेर पडला की तो पत्ता परत करून जात नाही, मुदत संपायची वाट बघावी लागते. संध्याकाळच्या पोरांना द्यायला राऊटरकडे उरतच नाही काही.

राऊटरच्या डीएचसीपी पानावर लीज टाइम, म्हणजे ही मुदत, दोन तासांवर आणा. काही डब्यांत तो मिनिटांत भरतात, तिथे १२०. आणि पत्त्यांची सीमा १० ते २५० करा. एवढ्याने बहुतेक भागेल. भागलं नाही, म्हणजे पत्ता मिळतोय पण वेग नाही, तर तो डब्याच्या ताकदीचा प्रश्न आहे आणि मग नव्या डब्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. ही पोरं तलाठी भरतीचे, पोलीस भरतीचे फॉर्म शेवटच्या रात्री भरत असतात. त्यांचं नेट अडलं नाही पाहिजे.

ताई, विंडोजऐवजी उबंटू टाकलेल्या लॅपटॉपवर हेच कसं करायचं?

सेटिंग्ज, नेटवर्क, जोडणीसमोरचं दातेरी चाक, वर आयपीव्ही४ चा टॅब, त्यात ऑटोमॅटिक डीएचसीपी. डीएनएसचंही ऑटोमॅटिक सुरू ठेवा. अप्लाय करून जोडणी एकदा बंद-चालू करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

मी समुद्रपूर तालुक्यात बँक मित्र म्हणून काम करते. बँकेकडून मिळालेल्या मशीनमध्ये पत्ता हाताने भरलेला दिसला. तुमचा मागचा लेख वाचून मी तो ऑटोमॅटिक करणार होते, पण आधी विचारते.

विचारलंत, फार चांगलं केलंत बाई. त्याला हात लावू नका. काही ठिकाणी पलीकडची यंत्रणा ठरावीक पत्त्यावरून आलेल्या मशीनलाच आत घेते, आणि तो पत्ता ठरवून दिलेला असतो. तिथे ऑटोमॅटिक केलं तर म्हाताऱ्या माणसांचे पैसे काढायचं तुमचं काम त्याच दिवशी थांबेल. मशीन ज्यांनी दिली त्यांनाच फोन करा आणि हा पत्ता मुद्दाम भरलाय का, एवढंच विचारा. त्यांनी ‘हो’ म्हटलं तर चारही आकडे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. मशीन कधी दुरुस्तीला गेली, तर तेच आकडे परत भरावे लागतील.